घराकडची रेघ

३ जानेवारी
नव्या वर्षाचे संकल्प : रोज चालणे, साखर बंद, ऑफिसात कोणाच्या भानगडीत न पडणे. देशाच्या खनिज नकाशाची शेवटची शीट रेखाटायला माझ्या टेबलावर आली. माझा हात सगळ्यांत सफाईदार आहे असं साहेब बोलून दाखवत नाहीत, पण मला कळतं.
शीटवर आमचं गाव! टेकडी, तळं आणि तळ्याकाठी आमच्या घराचा ठिपका. तिथे आता ताई एकटीच असते. टेकडीखाली तांबं.

९ जानेवारी
तांब्याची हद्द अर्धी सलग, अर्धी तुटक. जिथे बोअर मारून तांबं सापडलं तिथे सलग. नुसता अंदाज आहे तिथे तुटक. घराकडची बाजू तुटक. बघवेना. शाळेत शिवणाच्या सिस्टर म्हणायच्या, टाका अर्ध्यात सोडणारी मुलगी पुढे काहीच पुरं करत नाही. शिवाय बाबा टेकडीवरून हिरवट दगड आणून आम्हा दोघींच्या हातात ठेवायचे. म्हणजे पुरावा झालाच की. रेघ जोडून टाकली. काय सुरेख दिसते!
साखर : फक्त चहात.

२ फेब्रुवारी
नकाशा छापून वर गेला. ताईला फोन केला, आपली टेकडी देशाच्या नकाशावर आली म्हणून. ती म्हणाली, मग आता तिला पेन्शन सुरू होणार का? ताईला माझं कौतुक म्हणून नाहीच. लहानपणापासून.

१८ मार्च
ताईचा फोन. गावात जीपमधून माणसं आली आणि लाल झेंड्या रोवून गेली. एक झेंडी ताईच्या अंगणात, कपड्यांच्या दोरीपाशी. तिने जाब विचारला तर म्हणाले, बाई, नकाशात आहे. मी तिला समजावलं की सरकारी माणसांना झेंड्या लावायची हौसच असते.
चालायला जाणार होते. हवा कुंद होती.

५ एप्रिल
घराच्या भिंतीवर लाल रंगाने नंबर टाकला. ताई म्हणाली, तू तिथेच बसतेस ना, जरा बघ की गं, माझं घर कशात आलंय ते. फाइल कुलपात आहे असं सांगितलं. खोटं नाही. किल्ली माझ्याकडे असते, पण ते वेगळं.
उद्या साहेबांशी बोलायचंच.

६ एप्रिल
साहेब मीटिंगमध्ये.

७ एप्रिल
साहेब एकटेच होते. पण चेहरा त्रासलेला. माणसाची वेळ बघून बोलावं.

२० एप्रिल
शेजारची घरं रिकामी झाली. तळ्याचं पाणी विटकरी झालंय, त्यावर पक्षी उतरत नाहीत म्हणे. फोनवर मागून सारखी घरघर ऐकू येत होती. मी म्हटलं, ट्रक असेल. ताई म्हणाली, ट्रक निघून जातो गं. हे जात नाही.
सोमवारी नक्की.

२९ एप्रिल
घर पाडलं. ताई शाळेच्या हॉलमध्ये झोपते. ती रडली नाही. कपड्यांची दोरी तेवढी सोडून आणली, म्हणाली.
सोमवारी साहेब रजेवर होते. माझा काय दोष?

११ मे
साहेबांनी बोलावलं. घराच्या बाजूला खोल खणलं, तांबं नाही. नुसती माती. त्यांनी विचारलं, मूळ शीटवर इथे रेघ तुटक होती का हो? मी म्हटलं, बघून सांगते. तेच म्हणाले, छपाईत गडबड झाली असणार. मी हो म्हटलं नाही. नाही असंही म्हटलं नाही.

१४ मे
दुरुस्ती माझ्याकडेच आली. शेवटी सफाईदार हात लागतोच. ब्लेडने जुनी रेघ खरवडली, नवी टेकडीच्या पलीकडून ओढली. आमच्या घराचा ठिपका आता हद्दीबाहेर, अगदी सुरक्षित.
संध्याकाळी ताईला आणायला स्टेशनवर जायचंय. सामान फार नाही म्हणे. पायीच जाईन. तेवढंच चालणं होईल.