कुठं म्हणायचं नाही

माय,

काल मी पुन्हा एकदा विमान पळत पकडलं. पहिलं विमान उशिरा उतरलं, दुसरं सुटायला पस्तीस मिनिटं, आणि मधलं विमानतळ असं लांबलचक की संपता संपेना. तुझी ही सत्तरीला आलेली लेक गुडघ्यांना शिव्या देत, खांद्यावरची पिशवी सावरत धावली आणि दार लावायच्या आत शिरली. जागा पुढची होती, रुंद खुर्चीची; तुझ्या नातवाने हट्टाने काढून दिली होती. श्वास ताळ्यावर आला, समोर पाण्याचा पेला आला आणि मला तू आठवलीस. तू रोजच आठवतेस असं मी म्हणणार नाही, तुला खोटं खपायचं नाही. पण धावपळीचं विमान, पुढची खुर्ची आणि पाणी एवढं जुळून आलं की तू हमखास येतेस.

पाण्याचं कारण आपल्या दोघींना ठाऊक आहे. आपल्या घरात निघालेल्या माणसाला 'कुठं चालला' म्हणून कोणी विचारायचं नाही, हा तुझा कायदा. विचारायचंच असेल तर 'दूर का?' एवढंच. आणि कुणी चुकून विचारलंच, तर निघालेल्याने परत फिरायचं, घडीभर बसायचं, दोन घोट पाणी प्यायचं आणि नव्याने निघायचं. बाकी तू कशाला मानायची नाहीस. रामदासपेठेतल्या इस्पितळात वीस वर्षं आया होतीस, माणसं येताना आणि जाताना पाहिलेली. मांजर आडवं गेलं तर मांजराला बाजूला कर म्हणायचीस. पण 'कुठं' म्हटलं की तू जागच्या जागी थांबायचीस. माझ्या मॅट्रिकच्या पहिल्या पेपराला शेजारच्या काकूंनी फाटकातून कौतुकाने विचारलं, आणि तू मला हाताला धरून घरात आणलंस, पाटावर बसवलंस, पाणी पाजलंस. मी घंटा होऊन गेल्यावर वर्गात पोचले. संध्याकाळी रडत सांगितलं तर तू भाजी चिरता चिरता म्हणालीस, "पेपर त दिला ना? मंग?" मला वाटतं, धावायची सवय मला त्या दिवशीच लागली.

मग मी मोठी झाले आणि धावण्याचीच नोकरी धरली. इस्पितळांना यंत्रं विकणाऱ्या कंपनीत होते, महिन्यातून दोनदा तरी विमानात. त्या काळी नागपूरहून कुठेही जायचं तर मुंबईला किंवा दिल्लीला उतरून दुसरं विमान पकडावं लागायचं, आणि त्यात मी चांगलीच तयार झाले होते. खिडकीजवळ बसायचं नाही, सामान हातातच ठेवायचं, चपला अशा घालायच्या की पळता येईल. चाळीस मिनिटं मिळाली तर मी मध्ये चहासुद्धा पिऊन घ्यायची. तू हे सगळं ऐकायचीस आणि म्हणायचीस, "काहून येवढी धावून राहिली वं? विमान का तुह्या बापाचं हाय का?" मला अजून कळलेलं नाही की बापाचं असतं तर धावायचं होतं की नव्हतं.

आणि पंच्याऐंशीच्या सुमारास एका दुपारी माझ्या ऑफिसात तार आली. माझ्या धाकट्या भावाची. त्याचं जहाज मद्रासला लागलं होतं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुटणार होतं, पुढे वर्षभर या बाजूला येणार नव्हतं. तुमच्यात चार वर्षं बोलणं नव्हतं. इंजिनियरिंग अर्धवट सोडून तो जहाजावर गेला, त्या सकाळी घरात जे झालं तेव्हा मी दौऱ्यावर होते. परत आले तर त्याची खाट उभी करून ठेवलेली. तो पत्रं मला लिहायचा, आणि तू ती माझ्या उशीखालून काढून वाचायचीस व परत ठेवायचीस. मी तार वाचून दाखवली. तू उठलीस, फळीवरून फिरकीच्या झाकणाचा तांब्या काढलास आणि चिंचेने घासायला बसलीस. त्या दिवशीची आगगाडी निघून गेली होती, दुसऱ्या दिवशीच्या गाडीने आपण पोचेपर्यंत जहाज समुद्रात गेलं असतं. मी दोन तिकिटं काढली, नागपूर ते मुंबई, मुंबई ते मद्रास, मध्ये एक तास. एक तास म्हणजे मला चैन होती.

सकाळी सोनेगावला विमानतळावर तू उभी आहेस. इरकल लुगडं, हातात भरलेला तांब्या, पिशवीत भिवापूरच्या मिरच्यांचं तिखट, कारण लेकाला जहाजावर पांचट जेवण मिळत असणार. काउंटरवरचा माणूस हसून विचारतो, "मावशी, कुठे जायचं?" आणि तू वळतेस, बाकावर जाऊन बसतेस, फिरकी उघडतेस. मी त्याला सांगते की जरा थांबा. तिथे मला हसू आलं, कारण वेळ होता. पण विमानच उशिरा आलं, मुंबईला उतरलो तेव्हा एका तासाची पंचवीस मिनिटं उरली होती. मी तुझा हात धरला. पायऱ्यांखाली उभ्या असलेल्या माणसाने आपुलकीने विचारलं, "माताजी, कहाँ जाना है?" आणि तू शेवटच्या पायरीवरच बसलीस. मागे सगळे प्रवासी खोळंबले.

"माय, त्याने हिंदीत विचारलं. हिंदीतलं लागत नाही."

"काहून नाही लागत? नागपुरात हिंदी का परकी हाय का वं?"

पुढे एका हमालाने विचारलं, त्याचं पाणी तू भिंतीला टेकून प्यायलीस. मी पुन्हा पुन्हा घड्याळ पाहत होते. तुला वाटत होतं, मी विमानासाठी घाबरते. विमानं मी आधीही चुकवली होती, दुसरं मिळतं. धाकटा मिळाला नसता. तो असा होता की एकदा तुला आलेली न पाहता जहाज सुटलं असतं तर त्याने पुन्हा तार केली नसती, आणि तूही काही बोलली नसतीस. तुम्ही दोघं सारखेच हट्टी, आणि मध्ये मी टपाल वाहणारी.

मद्रासच्या विमानाच्या काउंटरवर पोचलो तर तिथल्या तरुणाने मान हलवली. उशीर झाला, जागा देऊन टाकल्या. वर इंग्रजीत विचारलं, "वेअर टू?" मी मनात म्हटलं, देवा, इंग्रजी तरी हिला कळू देऊ नको. पण वीस वर्षं डॉक्टर तुझ्यासमोर रोग्यांना 'वेअर, वेअर' म्हणून विचारत आले होते, कुठे दुखतं. "वेअर म्हंजे कुठंच ना?" म्हणालीस आणि सरळ फरशीवर मांडी घातलीस. मग मात्र माझा तोल गेला. भर विमानतळावर मी तुझ्यावर ओरडले, "माय, तुझ्या या पाण्यापायी तुझा लेक जाईल."

तू तांब्या खाली ठेवलास आणि माझ्याकडे पाहिलंस. "पाण्यापायी नाही जात वं. पाणी न पेल्यानं गेला."

मला अर्थ कळला नाही. तेवढ्यात मागच्या खोलीतून एक पिकल्या केसांचे साहेब बाहेर आले. त्यांनी तुला फरशीवर बसलेली पाहिलं, तांब्या पाहिला, आणि थोडे वाकून म्हणाले, "लांब का, आजी?" तुझा चेहरा जो फुलला तो मी आयुष्यात दोनदाच पाहिला, दुसरी वेळ त्याच दिवशी दुपारी. "हो बाप्पा," तू म्हणालीस, "लय दूर." माझी आई पण अशीच होती, एवढंच ते मला म्हणाले. मागे एकही जागा नव्हती. पुढे दोन होत्या, त्या त्यांनी आपल्याला त्याच तिकिटावर दिल्या. तिकिटावर त्या वर्गाचं नाव काही वेगळं असायचं, पण आपण सगळे त्याला फर्स्ट क्लासच म्हणायचो. इतकी वर्षं विमानांमागे धावून मी कधी त्या पडद्याच्या पुढे बसले नव्हते, आणि तू फरशीवर बसून तिथे पोचलीस.

तुझा फर्स्ट क्लासमधला संसार मी अजून लोकांना रंगवून सांगते. खुर्ची पाहून तू म्हणालीस, "यात दोन बाया मावतील अन् एक पोरगं." पाठ मागे जाते हे कळल्यावर ती तीनदा मागेपुढे करून पाहिलीस आणि इस्पितळातल्या खाटांपेक्षा बरी असल्याचा निकाल दिलास. हवाई सुंदरीने पांघरूण आणून दिलं, ते तू उलगडलं नाहीस. उठून तिच्या हातातली बाकीची घेतलीस आणि कोपरे जुळवून घड्या कशा घालायच्या ते तिला दाखवलंस. जेवणाचं ताट आलं तेव्हा तू आधी तिला विचारलंस की तू जेवली का वं. ती बिचारी दक्षिणेकडची, तिला शब्द कळले नाहीत, पण ती तुझ्या खुर्चीच्या हातावर मिनिटभर टेकली. सगळं आवरल्यावर तू मला हळूच म्हणालीस, "हे मातर चांगलं हाय. इथं कोणी कुठं म्हणून विचारत नाही. का पायजे तेच विचारते."

आणि मग, खिडकीकडे तोंड करून, तू मला ते सांगितलंस. चार वर्षांपूर्वी त्या सकाळी तो पिशवी घेऊन दाराशी गेला, आणि रागाच्या भरात तूच मागून ओरडलीस, 'कुठं चालला तोंड घेऊन?' तो परत फिरला नाही, बसला नाही, पाणी प्यायला नाही. "म्याच विचारलं त्याले," तू म्हणालीस. "जलमभर दुनियेले शिकवलं, अन् पोटच्या पोराले म्याच विचारलं." मला तुझा हात धरायचा होता. पण तो तांब्यावर होता, म्हणून मी तांब्या धरला. आपण दोघी तो तसाच धरून मद्रासला उतरलो.

बंदराच्या फाटकातून तो अर्ध्या तासाची सुटी घेऊन बाहेर आला. निळा कामाचा झगा, दाढी वाढलेली, काळा ठिक्कर. तुला पाहून तो जागीच थांबला. मला वाटलं आता रडारड होईल, पण तू त्याला बखोटीला धरून फाटकाजवळच्या लाकडी पेटीवर बसवलंस आणि फिरकी उघडलीस. "पाणी पे," म्हणालीस. तो काही न विचारता प्यायला, दोन घोट. त्या उन्हात त्याला सगळा तांब्या हवा होता पण तू दोनच दिलेस. मग तू म्हणालीस, "आता ऊठ. आता जाय." आणि तुझा चेहरा दुसऱ्यांदा फुलला. "दूर का रे?" तू विचारलंस. तो म्हणाला, "हो माय, दूर. पण येतो." तिखटाची पुडी मी त्याच्या खिशात कोंबली. त्यानंतर तो दर सुटीला घरी यायचा आणि तुमची भांडणं पुन्हा पहिल्यासारखी जोमात सुरू झाली.

मी तुझ्या कायद्याला नेहमी हसले, हे तू जाणतेस. आता जे सांगायचं आहे ते तू जाणतेस की नाही, मला माहीत नाही.

मद्रासनंतर चार वर्षांनी तू त्याच इस्पितळात खाटेवर होतीस, तुझ्या हाताखाली शिकलेल्या आया तुझ्या चादरी बदलत होत्या. त्या दुपारी डॉक्टर म्हणाले, आता काही तासच. धाकटा परदेशातल्या बंदरातून निघाला होता, दोन विमानं बदलून यायचा होता. तुझे डोळे मिटत चालले होते, हाक मारली तरी उघडत नव्हते. निघालेलं माणूस कसं दिसतं ते मला तेव्हा कळलं. मी दार लोटून घेतलं, तुझ्या कानाशी वाकले आणि आयुष्यात पहिल्यांदा तुला विचारलं, "माय, कुठं चालली वं?"

तुझ्या कपाळाला आठी पडली. चांगलीच रागावलीस तू. मग ओठ हलवलेस, आणि मी फिरकीच्या तांब्यातलं पाणी दोन चमचे तुझ्या तोंडात घातलं. त्यानंतर तू तुझ्या कायद्याप्रमाणे बसलीस, तीन दिवस. तिसऱ्या दिवशी सकाळी तो धापा टाकत आला, तू त्याला ओळखलंस, दाढीवरून बोलणी दिलीस, आणि मग गेलीस. मुंबईत वीस मिनिटांत विमान कसं पकडलं हे तो अजून सांगतो. "म्या पळालो म्हणून माय भेटली," म्हणतो. मी मान डोलावते. पळाला तो खराच, पण तुला मी बसवलं होतं, हे त्याला मी आजवर सांगितलेलं नाही.

हे पत्र तांब्यात ठेवून फिरकी लावणार आहे. पाकिटावर पत्ता घालायचा तर तुला पुन्हा तेच विचारावं लागेल, आणि एकदा विचारलं तेवढं पुरे. खरं सांगू? अजून कधी कधी ओठावर येतं. विचारलं तर रागावून का होईना, घडीभर येऊन बसशील, असं वाटतं.