चौमाशाआधी तोडलेली पानं

भोकरदन,
भाद्रपद शुद्ध दशमी, सन १९५७

वडील बंधूंच्या जागी असलेले काकासाहेब यांना किशनलालचा मनापासून रामराम.

नागपूरची हवा मानवली का, गुडघा काय म्हणतो, सूनबाई चहात साखर बेताची घालतात की तुमच्या मनासारखी, ते सविस्तर कळवा. इकडे सगळे खुशाल आहेत. (सगळे म्हणजे माणसं. हे मुद्दाम लिहिलं, कारण पुढे वाचालच.)

पर्युषण संपून संवत्सरी झाली की आम्ही जैन मंडळी दरसाल सगळ्यांना खमतखामणाचं कार्ड टाकतो, की वर्षभरात जाणता-अजाणता मन दुखवलं असेल तर क्षमा करा. तुम्हालाही येतं, आणि तुम्ही दरसाल उलट विचारता की किशनलाल, तू नेमकं केलंस काय? यंदा नेमकं सांगण्यासारखं आहे आणि ते कार्डात मावत नाही, म्हणून हे पाकीट.

उषावहिनींचं बिगोनिया गेलं.

वहिनी गेल्यावर तुम्ही इथलं घर बंद करून मुलाकडे निघालात, तेव्हा ती कुंडी स्वतः उचलून माझ्या ओट्यावर आणलीत. म्हणालात, "तिच्या हातचं एवढंच राहिलंय. दिवाळीला येऊन घेऊन जातो." मी मान हलवली. मान हलवायला अक्कल लागत नाही.

झाड उत्तम होतं, तळहाताएवढी पानं, वरून चंदेरी, खालून लाल. बिघडवलं मी. वहिनी पानापासून रोपं कशी करायच्या ते मी पाहिलं होतं. पानाच्या मागच्या शिरांना चिरा द्यायच्या, ओल्या वाळूवर पान पसरायचं, वर चार खडे ठेवायचे. चिरेपाशी मुळं फुटतात आणि बारकी रोपं वर येतात. मला वाटलं, एक कुंडी घेतली तर ओटाभर करून परत देऊ. व्यापाऱ्याकडे ठेव ठेवली की त्याला ती वाढवण्याची खाज सुटते.

आता वहिनी एका वेळी एकच पान घ्यायच्या, हे मलाही ठाऊक होतं. पण आमचा चौमासा तोंडावर आला होता. चौमाशात सायरबाईचा (म्हणजे आमच्या मंडळींचा) नेम कडक, घरात हिरवं तोडायचं नाही, कुंडीतलं पानसुद्धा नाही. मग मी विचार केला (इथेच चुकलं, करायला नको होता) की उद्यापासून बंदी, तर आजच काय ते उरकून घ्यावं. कात्री घेऊन बसलो आणि झाडावर एक पान ठेवलं नाही. सायरबाई दारात येऊन म्हणाली, "जीव वाचवायचा म्हणून नेम असतो. तुमी तर नेम लागायच्या आत सगळाच जीव घेऊन राह्यले." मी तिला म्हणालो, तुला यातलं काही कळत नाही.

परातीत वाळू घालून पानं मांडली. मुळं फुटली का ते बघायला मी रोज सकाळी एकेक पान उचलायचो, त्यात निम्मी गेली. उरलेल्यांचं असं झालं की आमच्याकडे पाण्यातला जीव पोटात जाऊ नये म्हणून त्यात राख घालून ते निवळून पितात. (तुम्ही एकदा प्यालात आणि पुढच्या खेपेला घरून तांब्या घेऊन आलात.) तळाचं गढूळ पाणी वाया कशाला घालवता, परातीत ओता, असं मीच घरात सांगून ठेवलं होतं. राख बिगोनियाला सोसत नाही हे कळेपर्यंत पानं काळी पडून वाळूत विरली. कुंडीत आता नुसतं खोड आहे.

काकासाहेब, फार वाईट वाटतं हो. मी तुमच्याकडे जेवायला येणार म्हटलं की वहिनी कांदा-लसणाशिवायची भाजी वेगळ्या पातेल्यात करायच्या आणि कधी बोलून दाखवायच्या नाहीत. त्या बाईचं एक झाड मला सांभाळता आलं नाही.

भरपाई म्हणून पिंपळगाव रेणुकाईला झुंबरबाईंकडे जाऊन आलो. वहिनींनी आपल्या या बहिणीला याच झाडाचं पान दिलं होतं. तुमचं त्यांच्याशी बोलणं बंद आहे हे मला माहीत आहे. वहिनींच्या वेळी त्यांना सांगावा उशिरा गेला, त्या पोचल्या तोवर सरण विझलं होतं, तेव्हापासूनचं. पण मी पडलो तिऱ्हाईत, मला काय. त्यांच्या ओसरीत झाड टोपलीएवढं झालंय. चहा दिला, घरची विचारपूस केली, पान मात्र दिलं नाही.

तेव्हा रिकाम्या हाताने क्षमा मागतो. रागावलात तरी पत्र टाका.

तुमच्या ठेवीला न जागलेला,
किशनलाल

ता. क. झुंबरबाई काय म्हणाल्या ते लिहावं की नाही, या विचारात पाकीट दोनदा उघडलं. म्हणाल्या, "पान द्यायला माझं काय जातंय? पर भन गेली तवा मला जल्दी सांगावा न्हाई आला. आता दाजींनी सोता येऊन मागावं, मंग आख्खी कुंडी नेली तरी माझी ना न्हाई." बोलताना पदराने पानावरची धूळ पुसत होत्या, पुसून झालेलंच पान पुन्हा पुन्हा. तर विनंती एवढीच, की दिवाळीला भोकरदनला येण्याआधी पिंपळगावला जाऊन या.

ता. क. दुसरा. सायरबाईने मला पत्र मोठ्याने वाचायला लावलं आणि आता म्हणते, खोटं लिहून क्षमा मागू नये. तर खरं लिहितो. परवा खोडाला कोंब आला, आज पान उलगडतंय. झाड जगलं. म्हणजे पान मागायला तुम्हाला कुठे जायची गरज नाही. तरी जा. कोंबाचं मी झुंबरबाईंना कळवलेलं नाही, तुम्हीही बोलू नका.