नळाला बांधलेली तार

बाबा, परवा मिक्सरसाठी ओट्याजवळ मी स्वतः प्लगपॉईंट बसवला. मुलगा ओरडत होता, "आई, वायरमन बोलाव ना!" म्हटलं, गप बस, मी मास्तरांची पोरगी आहे. मेन बंद केला, टेस्टर लावून पाहिलं, तारा जागच्या जागी कसल्या. अर्थिंगची हिरवी तार कसताना मात्र हात थांबला आणि तुमची इतकी आठवण आली, की स्टुलावर बसूनच राहिले.

आपल्या घरी पहिला कूलर आला ते वर्ष. आईला उन्हाळा सोसवत नव्हता. तुम्ही लकडगंजातून सागवानी बोर्ड आणला, भिंतीत लाकडाच्या गुल्ल्या ठोकल्या आणि बनियनवर, घामानं निथळत, तीन पिनचा पॉईंट बसवला. "वायरमन काहून पाहिजे? दहावीच्या पोरायले वीज मीच त शिकवतो." खरंच होतं ते. अख्ख्या गल्लीच्या इस्त्र्या दुरुस्तीला तुमच्याकडे यायच्या आणि तुम्हाला कोण अभिमान त्याचा! एक काम तेवढं माझ्यावर सोपवलं. पेपर तपासायला शाळेत निघताना म्हणालात, "मागच्या अंगणात दोन हात खड्डा कर, कोळसा अन् मीठ टाक, अर्थिंगची तार त्यात पूर. आळस नको करू वं." मी एकोणीस वर्षांची घोडी. मे महिना, जमीन दगडासारखी, आणि तिकडे मैत्रीण सिनेमाची तिकिटं काढून बसलेली. वीतभर खणलं, मुरूम लागला, हाताला फोड आला. म्हटलं, चुलीत जावो तो खड्डा! तार नळाच्या लोखंडी पाईपाला गुंडाळली, खड्डा बुजवला आणि तुम्हाला दिसावं म्हणून वर मूठभर मीठही भुरभुरलं. इतकी मी बदमाश.

तिसऱ्या दिवशी सकाळी कूलर सुरू होता, नळ आले होते, आणि शेजारच्या काकूंची किंकाळी ऐकू आली. "मास्तर, नळाले हात लावला का झिणझिण्या येऊन राहिल्या जी!" हातातला पाण्यानं भरलेला पितळी गुंड त्यांच्या पायावर पडला होता. सगळ्या गल्लीचा पाईप एकच. चार घरच्या बाया ओल्या हातांनी आपल्या अंगणात जमल्या, मागोमाग काकूंचे यजमान, काका, आले. तुम्ही आधी मेन बंद केला आणि मग नळामागं वाकून पाहिलं. कूलरच्या पत्र्यात उतरलेला करंट जमिनीत जायच्या ऐवजी त्या तारेतून पाईपात जात होता. काकांनी विचारलं, "ही तार कोनं बांधली?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी दाराशी उभी होते, ती दाराआड सरकले. "मीच बांधली," तुम्ही म्हणालात. "चुकलं माझं." काका म्हणाले, "तुम्ही त पोरायले शिकवता न जी, मास्तर?" त्यावर तुम्ही हात जोडले. त्या सगळ्यांसमोर हात जोडले हो, बाबा!

संध्याकाळी सब्बल घेऊन तो खड्डा तुम्हीच खणला. आता शिव्या पडतील म्हणून मी जवळच उभी होते. तुम्ही फक्त म्हणालात, "मीठ आण." बस, एवढंच. त्यानंतर गल्लीतून एकही इस्त्री आली नाही. शाळेत पोरं तुम्हाला 'करंट मास्तर' म्हणू लागली, आणि घरचा फ्यूज गेला तरी तुम्ही वायरमनला निरोप धाडायचात. एकदा रागावला असतात, एक थोबाडीत दिली असतीत, तर मी मोकळी झाले असते. त्यासाठी अजून मला तुमचा राग येतो.

हे पत्र कुठं टाकणार, म्हणा. तरी एक सांगूनच टाकते. तुमच्या तेरवीला सगळे मान खाली घालून बसले होते, मला ते बघवेना. म्हणून मी किस्सा सांगितला, आमच्या बाबांनी अख्ख्या गल्लीच्या नळांत करंट कसा सोडला होता त्याचा. सगळे पोट धरून हसले, काकूसुद्धा. तेव्हापासून चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, तो नळाचा किस्सा सांग ना. आणि मी सांगते, बाबा. दर वेळी तार तुम्हीच बांधता.