घावण्यांचं पीठ

प्रिय मृणाल,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहायला घेतेय. आधीची दोन चुलीत गेली. फोनवर रोज बोलतो आपण, मग पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तुझा आवाज ऐकला की मी भलतंच काहीतरी बोलत बसते, म्हणून कागद घेतला.

इकडे भात पोटरीला आलाय. बोर्लीच्या बाजारात गणपतीची गर्दी सुरू झाली. तुझ्या केसरवहिनीने मखराला यंदा हिरवं कापड आणलं. तुझ्या भावाला, विनेशला, सुट्टी मिळाली आहे. सगळं नेहमीसारखं आहे, फक्त तू आणि आमचा जावई गणराज यंदा घरी न उतरता दिवेआगरला लॉजवर राहणार, हे नेहमीसारखं नाही. "दर्शनाला येईन आई, पण पाणीसुद्धा घरून आणीन," असं तू म्हणालीस. फोन स्पीकरवर होता. केसर शेजारी नारळ खवत होती. तिने ऐकलं आणि खवत राहिली.

तुझा आजार कळला तेव्हा मला तो नीट समजलाच नाही. गव्हाने कुणाचं आतडं सोलतं, हे आमच्या बापजन्मी कधी ऐकलं नव्हतं. लहानपणी शाळेतून आलीस की चपातीला तूप-गूळ लावून सुरळी हातात द्यायची, तीच खेळायला घेऊन पळायचीस तू. ती खाऊनच तुझं पोट दुखायचं का गं? मी ओवा द्यायचे आणि शाळा चुकवायचं नाटक म्हणायचे. आता ते आठवतं.

मे महिन्यात तू आलीस ती स्वतःचा तवा, उलथनं आणि डबे घेऊन. अलिबागपासून वाटेत कुठे चहासुद्धा घेतला नव्हतास, नुसती केळी आणि उकडलेली अंडी. आल्या आल्या तू केसरला समजावलंस, की रव्यात घोळवलेली मच्छी ज्या तेलात तळली त्यात माझी तळायची नाही, चपातीचा हात माझ्या ताटाला लावायचा नाही. केसर मान डोलावत होती. मला मात्र राग आला. तांदूळ पिकवणारं आपलं घर, आणि लेक माहेरी तवा घेऊन येते. त्यात शेजारची नीराबाई ओटीवर बसून म्हणाली, "शहरातली खुळं हाईत ही. पोटात गेलेलं कळलं न्हाय तर कायबी होत न्हाय." मी हसले, पण ते मनात राहिलं.

तुम्ही निघालात त्या सकाळी केसरने तांदळाच्या घावण्यांचं पीठ भिजवलं आणि तुझा तवा घासायला पडवीत गेली. त्या पिठात मी दोन मुठी कणीक घातली.

बघ, लिहिलं एकदाचं. तू वाळली होतीस, गव्हाने अंगात ताकद येईल, असं मी स्वतःला सांगत होते. ते खरं नव्हतं. तुला काही होत नाही हे मला सिद्ध करायचं होतं. तू चार घावणे खाल्लेस. "आज मऊ झालेत," म्हणालीस. मी तुझ्याकडे बघत बसले होते आणि मला आनंद झाला होता, मृणाल. 

दिघीहून फेरीबोट सुटली आणि निम्म्या खाडीत तुला उलट्या सुरू झाल्या. आगरदांड्याला उतरल्यावर गणराजचा फोन आला. तुझं कण्हणं मला मागून ऐकू येत होतं. विनेश स्वयंपाकघरात आला आणि केसरवर ओरडला, "एवढं सांगूनसुद्धा तू कुठला तवा वापरलास?" केसरने आधी कणकेच्या डब्याकडे पाहिलं. झाकण उघडंच होतं. मग माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. ती म्हणाली, "माझंच काहीतरी चुकलं असंल." तू दहा दिवस अंथरुणाला होतीस आणि त्यातला एकही दिवस मी तोंड उघडलं नाही. पुढे तुम्ही सगळे तिलाच बोल लावत राहिलात, तेव्हाही नाही.

तिने मला एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर मी भांडून मोकळी झाले असते. तुझ्यासाठी तिने वेगळी कढई, पोळपाट, चाळण आणली आहे, फडताळात वरच्या फळीवर झाकून ठेवली आहे. गिरणीत गहू दळतात म्हणून तुझ्या मोदकांचे तांदूळ धुवून, वाळवून घरच्या मिक्सरवर काढलेत. दुकानात पुडी उलटून बारीक अक्षरं वाचते. हिंगात गव्हाचं पीठ घालतात हे साठी उलटल्यावर मला तिच्याकडून कळलं. तुझा लॉजचा निरोप ऐकल्यावरही तिने ती पिठी फेकली नाही.

काल विनेशला सांगितलं. तो उठून शेतावर गेला. अजून माझ्याशी धड बोलत नाही. तुझी माफी मागावी तर कुठल्या तोंडाने मागू? तू गणपतीला आलीस तर मी पाच दिवस स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाही, आरतीचं ताट तेवढं करीन. लॉजवरच राहिलीस तरी मी काही म्हणणार नाही. पण ते माझ्यामुळे राहा, केसरमुळे नको. एवढ्यासाठी हे पत्र. वाचून झालं की मला फोन करू नकोस, आधी तिला कर. तिला मी अजून काही बोललेले नाही, समोर उभी राहून धीर होत नाही. म्हणून हे पाकीट मी चिकटवलेलं नाही. पोस्टात टाकायला तिच्याच हातात देतेय, आधी वाच आणि मग टाक, असं सांगून.

तुझीच,
आई