दोन बारांचा एक आवाज

रुंगवा कॅम्प,
२ ऑगस्ट

तीर्थरूप लुहेंदे मामा,

लामेकने दुरूनच तुमचे पाय धरले आहेत, ते धरू द्यावेत. डावा गुडघा अजून दुखत असेल तर फक्त उजवा धरला असे समजावे. मामी, टाबोऱ्याची मंडळी आणि मधाची पोळी सगळी ठीक असतील अशी आशा आहे. आई बरी आहे. बाबांच्या खुर्चीवर अजून कोणाला बसू देत नाही, पण परवा कोंबडी बसली तेव्हा काही बोलली नाही, म्हणजे सुधारणा आहे. मीही बरा आहे. हे पत्र केवळ तुमच्या गुडघ्याची चौकशी करण्यासाठी आहे, दुसरे काही कारण नाही.

गुडघ्यामुळे तुम्हाला बाबांच्या मातीला येता आले नाही, म्हणून थोडे सांगतो. सगळे व्यवस्थित झाले, फक्त कॅम्पचा आचारी म्विन्यिम्वुआ खड्ड्यात जाऊन झोपला आणि कोंबडा मिळाल्याशिवाय बाहेर येईना. (तो झारामो जमातीचा, आपण न्याम्वेझी. थट्टेच्या नात्यात मयताची टिंगल करण्याचा त्याला हक्क आहे आणि राग आला तर कमीपणा आपलाच, हे मी तुम्हाला काय सांगावे.) कोंबडा घेऊन वर आल्यावर त्याने बाबांची नक्कल केली. हातात काठी बंदुकीसारखी धरली, शेजारी शिकारीला आलेले खोटे गिऱ्हाईक उभे केले, तोंडाने 'ठो' केले, काठी घाईघाईने पाठीमागे लपवली आणि हवेतल्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "काय नेम, साहेब." लोक रडता रडता हसू लागले. मग त्याने तेच पुन्हा केले आणि या वेळी म्हणाला, "काय नेम, लेका." लोक आणखी हसले. आईसुद्धा. मीही हसलो, सगळे हसत होते म्हणून.

आता बंदुकीचे. सुगी झाली की महिनाअखेरीस सिकोंगेला आपल्या घरी बैठक आहे, तीत बाबांच्या वस्तूंचा निकाल लागेल. तोवर बंदूक आमच्या शिकार कंपनीच्या ताब्यात आहे आणि या हंगामापुरती माझ्या हाती दिली आहे. न्दालावा काकांना ती विकून भाड्याने चालवायला मोटारसायकल घ्यायची आहे. ते म्हणतात, "बंदूक महिन्यातून एकदा वाजते, मोटारसायकल रोज वाजेल." यात तथ्य आहे. पण घराचा रिवाज असा की ज्याने बापाच्या डोळ्यांदेखत रानरेडा पाडला आणि ज्याला साक्षीदार आहे त्याच्याकडे बंदूक जाते. माझा सहा वर्षांपूर्वीचा एक रेडा आहे आणि साक्षीदार तुम्ही आहात. बंदूक गेली तर मॅनेजर मला परत स्टोअरमध्ये कंदील आणि गाद्या सांभाळायला पाठवणार, हे त्यांनी सौम्य शब्दांत सांगितले आहे. मला स्टोअर वाईट वाटत नाही. गादी वारा हुंगत नाही आणि जखमी होऊन झुडपात दबा धरून बसत नाही. पण बाबांची खाट ज्या तंबूत होती त्यात मी आता झोपतो, आणि तिथून निघावेसे वाटत नाही. असो.

या हंगामातले माझे पहिले गिऱ्हाईक म्हणजे हॅलव्हर्सन साहेब. तुम्हाला आठवत असतील. त्यांचा दारे बनवण्याचा कारखाना आहे, मोटारीच्या खोलीची, आपोआप वर जाणारी. आठ वर्षांपूर्वी बाबा आणि तुम्ही त्यांना रेडा मिळवून दिला होता. तेव्हा त्यांच्याकडे दोन पिशव्या होत्या, आता अकरा आहेत. एका पिशवीत वाऱ्याची दिशा सांगणारे यंत्र आहे. मी बाबांचा राखेचा मोजा झटकला की साहेब यंत्र पाहायचे आणि म्हणायचे, "बरोबर आहे." (यंत्र चुकीचे सांगत असे त्या दिवशी म्हणायचे, "राख जुनी आहे का?") माणसाचा वास येऊ नये म्हणून अंगावर मारायची एक बाटलीही होती. तिचा वास आईच्या लग्नातल्या साबणासारखा होता आणि अर्ध्या मैलावरून येत होता.

पहिल्याच संध्याकाळी शेकोटीपाशी ते मला म्हणाले, "तुझे वडील थोर माणूस. माझा रेडा मी एका गोळीत पाडला. त्यांनी बंदूक खांद्यालासुद्धा लावली नव्हती." मी मान हलवली. म्विन्यिम्वुआ चहा घेऊन आला होता. तो आपल्या भाषेत म्हणाला, "खांद्याला नव्हती रे, गालाला होती. याचे डोळे मिटलेले, याला काय दिसणार?" साहेबांनी विचारले, हा काय म्हणतो? मी सांगितले, साखर हवी का विचारतो.

बाबांची ती विद्या आपल्या तिघांतच होती अशी माझी समजूत होती. आचाऱ्यालाही ठाऊक आहे हे मला तेव्हा कळले. गिऱ्हाइकाच्या उजवीकडे अर्धे पाऊल मागे उभे राहायचे, रेड्याकडे एक डोळा आणि गिऱ्हाइकाच्या जबड्याकडे एक. चाप ओढण्याआधी माणूस श्वास थांबवतो आणि कानाखालची शीर ताठते. तोच क्षण. दोन बारांचा एक आवाज आला पाहिजे. आधी झाला तर गिऱ्हाईक कंपनीकडे तक्रार करते, नंतर झाला तर रेडा करतो. तीस वर्षे बाबांनी हे केले, आणि दूरदूरच्या देशांत भिंतींवर लोकांनी आपले म्हणून जे टांगले आहे ते सगळे बाबांचे आहे. बाबांना त्याचे काहीच वाटत नसे. "भिंत त्यांची, रेडा रानाचा, मांस गावाचं. माझं काय जातं?" एवढेच म्हणायचे. मला ती विद्या त्यांनी तोंडी शिकवली होती. गिऱ्हाइकाबरोबर करायची वेळ आली नव्हती.

दोन दिवस माग फुकट गेला. एकदा वारा फिरला, एकदा साहेबांचे घड्याळ वाजले (त्यात त्यांची गोळी घ्यायची वेळ लावलेली होती, रक्तदाबाची). तिसऱ्या दिवशी पहाटे पाणवठ्यावर तीन म्हाताऱ्या रेड्यांच्या खुरांचे ठसे मिळाले. शेणात बोट घातले, आत गरम होते. साहेबांनी फोटो काढून घेतला, माझ्या बोटाचा. सहा तास चाललो. त्सेत्से माशा अशा होत्या की साहेबांनी माझ्याशी बोलणे बंद केले, त्याबद्दल मी माशांचा आभारी आहे. दुपारच्या सुमारास एका वारुळाशेजारी एक रेडा आडवा उभा दिसला. चाळीस पावले. शिंगे कपाळावर जुळलेली, एक कान फाटलेला, वारा आमच्या तोंडावर. मी तिकाटणे उभे केले, साहेबांनी त्यावर बंदूक टेकवली. पुढच्या पायाच्या रेषेत, खालून एक तृतीयांश, असे मी कानात सांगितले आणि अर्धे पाऊल मागे सरलो.

साहेबांचा श्वास थांबला. कानाखालची शीर ताठली. मी चाप ओढला.

एकच आवाज आला, मामा. माझे डोळे भरून आले. बाबांना जी साधायला कितीतरी वर्षे लागली असतील ती गोष्ट मला पहिल्या खेपेला साधली, असे वाटले. रेडा साठ पावले धावला, झुडपाआड गेला, आणि थोड्या वेळाने त्याचे ते शेवटचे लांब हंबरणे ऐकू आले. साहेबांनी बंदुकीचा मागचा दांडा ओढून काडतूस बाहेर टाकले. ते गवतात पडताना मला दिसले, आणि मी सवयीने नव्हे, भीतीने त्यावर पाय ठेवला. नंतर साहेब पाणी पीत असताना उचलून पाहिले. काडतूस अखंड होते. टोकावर गोळी जागच्या जागी. म्हणजे आवाज एकच आला याचे कारण बारच एक झाला होता.

साहेबांना यातले काही ठाऊक नव्हते. आपण गोळी झाडली यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता. मला मिठी मारून म्हणाले, "ऐन वेळी मानेला माशी चावली रे. पण मी हललो नाही." ती शीर माशीमुळे ताठली होती, हे मला असे समजले.

पुढचे सगळे नियमाविरुद्ध झाले. मेलेला रेडाच माणसे मारतो, म्हणून पडलेल्याला आणखी एक गोळी घालावी, हे बाबांचे पहिले वाक्य आणि तुमचे दुसरे. मी साहेबांना तसे सुचवले. ते दुखावले. "एका गोळीत पडलाय, दुसरी कशाला? तेव्हा तरी तुझ्या वडिलांनी घालायला सांगितली होती का?" त्यांचा रेडा, त्यांचा मान, मी घातली असती तर अपमान झाला असता. तेव्हा अर्धा तास थांबून मी मागच्या बाजूने एकटा गेलो आणि लांब काठीने त्याच्या डोळ्याला स्पर्श केला. डोळा मिटला नाही. त्या वेळी मी बाबांशी काय बोललो ते इथे लिहीत नाही. सोबतच्या वनरक्षकाने सरकारी कागदावर लिहिले: रानरेडा एक, शिकारी हॅलव्हर्सन, झाडलेल्या गोळ्या एक. तीन गोष्टींपैकी दोन खऱ्या असलेला सरकारी कागद मी प्रथमच पाहिला.

एवढ्यावर भागले असते. पण साहेबांना ती गोळी हवी होती, साखळीत ओवून गळ्यात घालायला. सोलणाऱ्यांनी गोळी काढली ती अर्थात बाबांच्या बंदुकीची, जाड. साहेबांची बारीक असते, आणि दारे बनवणाऱ्या माणसाला माप कळते. मी स्वयंपाकाच्या झोपडीमागे जाऊन उभा राहिलो. म्विन्यिम्वुआ शेंगदाणे कुटत होता. न बघता म्हणाला, "काय रे न्याम्वेझी, बापाची टोपी घातलीस, त्यात डोकं नाही सापडलं? त्याचा तंबाखूचा डबा बघ." मी म्हणालो, त्यात काय आहे? तो म्हणाला, "तुझा बाप तंबाखू ओढायचा?"

ओढत नव्हते. मामा, हे माझ्या तीस वर्षांत कधी लक्षात आले नाही. डबा बंदुकीच्या पेटीत तळाशी होता. आत वाकलेल्या, चपट्या झालेल्या गोळ्या, प्रत्येक वेगळ्या कागदात गुंडाळलेली, कागदावर नाव आणि ठिकाण. गिऱ्हाइकांच्या चुकलेल्या गोळ्या, वारुळांतून आणि खोडांतून उकरून काढलेल्या. अक्षर तुमचे, कारण बाबांना सहीपलीकडे लिहिता येत नव्हते. एका कागदावर होते: 'हॅलव्हर्सन. वारूळ, रेड्याच्या डावीकडे तीन पावले.' बंदूक त्यांची अजून तीच आहे. मी लाल माती धुतली, गोळी रक्तात बुडवली आणि नेऊन दिली. साहेबांनी ती उजेडात धरली आणि म्हणाले, "हाडाला लागून कशी वाकली आहे बघ." मग रडले. मला खोटे बोलल्यासारखे वाटले नाही. गोळी खरोखर त्यांचीच होती, फक्त आठ वर्षे उशिरा पोचली. जाताना त्यांनी विचारले, "आज तुझे वडील असते तर काय म्हणाले असते?" मी सांगितले, नेहमी म्हणायचे तेच. काय नेम, साहेब.

तर इकडे असे आहे. गुडघ्याला एरंडाचे पान गरम करून बांधावे. बंदुकीसाठी माझा आग्रह नाही. बैठकीला जमले तर या, न जमले तर प्रकृती जपा. आईचा नमस्कार.

आपला,
लामेक कियुंगी

ता. क. पत्र बंद करायचे राहिले. मांस तीन गावांना वाटले, सगळ्यांनी हॅलव्हर्सन साहेबांना आशीर्वाद दिला. येणार असलात तर मध आणावा.

ता. क. दुसरा. काल रविवार होता, वेळ होता, म्हणून डबा पूर्ण पाहिला. तळाशी एक कागद आहे: 'लामेक. मुनिंगाचे खोड, पुरुषभर उंचीवर.' तुमचेच अक्षर. रानरेडा पुरुषभर उंच नसतो हे मला ठाऊक आहे. म्हणजे माझ्या नावावर जो एक आहे तो बाबांचा, आणि माझा जो एक आहे तो साहेबांच्या नावावर लवकरच जहाजात चढेल. दोन्ही खेपेला आवाज एकच आला होता. मला राग आलेला नाही. इतके लिहिले ते याचसाठी, हे आता सांगतो: बैठकीला गुडघा कसाही असला तरी या, आणि साक्ष विचारली की सहा वर्षांपूर्वी सांगितले तेच सांगा. फाटक्या कानाचा तो रेडा मला कुठे सांगता येणार नाही, पण त्याच्या जोरावर मी बंदूक मागतो आहे, हे तुम्हाला एकट्याला ठाऊक असावे. साहेबांचे अखंड काडतूस मी कागदात गुंडाळून डब्यात ठेवले आहे. नाव घातले आहे. अक्षर तुमच्याइतके चांगले नाही.

ता. क. तिसरा. म्विन्यिम्वुआही बैठकीला येतो आहे. थट्टेच्या नात्याने सगळे, अगदी मुनिंगाच्या खोडापासून माशीपर्यंत, भर बैठकीत सांगणार म्हणतो, आणि त्याला अडवता येत नाही. पण त्याने मातीच्या दिवशीही सगळे सांगितलेच होते, आणि कोणाला ते खरे वाटले नाही. तेव्हा मामा, तो बोलायला लागला की तुम्ही सगळ्यांबरोबर मोठ्याने हसा. तुम्ही गप्प बसलात तर काकांना संशय येईल. मीही हसेन. या वेळी कशाला हसतो आहे ते मला माहीत असेल.