शेजारचा ब्रेक

मंगळवार, जळत्या झुडपाचा आठवडा

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

आपल्या यहुदी घरच्या रिवाजाप्रमाणे तारखेऐवजी शनिवारी वाचायच्या धर्मग्रंथाचा, तोराचा, या आठवड्याचा पाठ घातला आहे. नाहीतर तुम्ही म्हणाल, पोरगी शहरात गेली आणि शिंगं फुटली.

गेल्या शनिवारचं बाबांनी फोनवर सांगितलं. तुम्ही प्रार्थनालयात तोरा वाचताना तीनदा चुकलात, तिन्ही वेळा शेजारी छापील पुस्तक घेऊन उभ्या असलेल्या बाबांनी शब्द दुरुस्त केला आणि तुम्ही शाल गुंडाळून निघून गेलात. आता म्हणे तुम्ही पुन्हा वाचणार नाही, भावाशी बोलणारही नाही. तुमच्याशिवाय तिथे तोराच्या हस्तलिखित गुंडाळीवरून कुणाला वाचता येतं? तिच्यातल्या हिब्रू अक्षरांना ना स्वर, ना सुरांच्या खुणा. ती कपाटात राहील आणि लोक छापील पुस्तकावर भागवतील. याचा मला घोर लागला आहे.

काका, मी गाडी शिकवते तेव्हा माझ्याही पायाखाली एक ब्रेक असतो. तो दाबला की शिकणाऱ्याला अपमान वाटतो. पण समोर भिंत असते हो. बाबा ओरडले म्हणता, तर त्यांचं बोलणं अडखळतं, जोर लावल्याशिवाय शब्द सुटत नाही, आणि सुटला की दणक्यात सुटतो. या आठवड्याच्या पाठात मोशे देवाला हेच सांगतो ना, माझी जीभ जड आहे म्हणून?

काकूंना नमस्कार. रागावलात तरी लोभ कमी करू नये.

तुमची,
भोंगा

---

गुरुवार, बेडकांचा आठवडा

चि. भोंग्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा ब्रेक तुझ्यापाशी ठेव. तीस वर्षं मी वाचतोय, धाकट्याने असं चारचौघांत कधी केलं नव्हतं. त्याला लहानपणापासून मी सांभाळलं, त्याचं हे फळ. काकूही त्याचीच बाजू घेते. घरचे भेदी, दुसरं काय.

बाकी ठीक. बायकांची नाजूक मनगटी घड्याळं दुरुस्तीला घेणं मी बंद केलं आहे, त्यांची फार कटकट असते. भिंतीवरची मोठी तेवढी घेतो. दिवाही जवळ ओढून घेतला आहे, हल्लीचे बल्ब मेले उजेडच देत नाहीत.

तू पाठाचं विचारतेस म्हणून लिहितो. देवाने मिसरवर सोडलेले बेडूक अंथरुणात शिरले, पिठाच्या परातीत शिरले. मोशेने तिथल्या राजाला, फारोला विचारलं, कधी घालवू? तर तो शहाणा म्हणतो, उद्या! अरे, आज का नको? आणखी एक रात्र बेडकांबरोबर झोपायची हौस. माणूस आपलं दुखणं असं उराशी धरून बसतो, त्याला काय म्हणावं. एवढा बोध पुरे.

जपून गाडी चालव. लोभ आहे, तसाच असू दे.

तुझा,
काका

---

सोमवार, अंधाराचा आठवडा

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तुमच्या ओळी कागदावरून उतरून टेबलावर निघाल्या होत्या. मी काकूंना फोन केला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू काढायला सांगून सहा महिने झाले आणि तुम्ही रोज 'उद्या' म्हणता, असं त्या म्हणाल्या. फारोला हसणारे तुम्हीच ना?

तुमची चूक नव्हती काका, डोळ्यांची होती. ती बाबांपासून लपवली हे मात्र मला लागलं. त्यांना अजून माहीत नाही. ते रोज संध्याकाळी वायरची कामं आटोपून तुमच्या दुकानासमोरून जातात, थांबतात आणि शब्द जुळेना म्हणून पुढे जातात. हे आईने सांगितलं.

मी पुढच्या आठवड्यातल्या बुधवारची ऑपरेशनची वेळ घेतली आहे. डोळ्याला पट्टी असेल त्या शनिवारी वाचू द्या बाबांना. शेजारी उभं राहून राहून त्यांना सगळं पाठ आहे. तुम्ही शेजारी उभे राहा. आजवर त्यांच्या वतीने तुम्हीच बोलत आलात, दुकानात, शाळेत, आईला मागणी घालायलासुद्धा. आई म्हणते, तिला दोन दिवस कळलंच नव्हतं की नवरा मुलगा कोणता! आता एकदा त्यांना बोलू द्या.

हट्ट समजून माफ करावं, पण माया आटू देऊ नये.

तुमची,
भोंगा

---

रविवार, अमालेकशी लढाई झाली

चि. भोंग्यास,
अनेक आशीर्वाद.

एका डोळ्याने लिहितो आहे, ओळी पुन्हा टेबलावर गेल्या तर सांभाळून घे. बुधवारी दवाखान्यात धाकटा आधीच येऊन बसला होता. तूच कळवलं असणार, भोंगा तो भोंगाच. पट्टी बांधून बाहेर आलो तर त्याने माझ्या चपला पायांपुढे सरळ करून ठेवल्या. मला रडू आलं. डॉक्टरांनी रडायचं नाही म्हणून बजावलं होतं, तरी आलं.

काल तो वाचायला उभा राहिला. सुरात वाचू लागला तेव्हा एकदाही अडला नाही. समुद्र दुभंगला, गाणं झालं, आभाळातून खायला मन्ना पडला. मी आपला छाती फुगवून उभा. मग अमालेकशी लढाईत मोशेने वर धरलेले हात जड झाले आणि त्याचा भाऊ अहरोन आणि हूर यांनी ते दोन बाजूंनी धरले, तिथे तो अडकला. हात 'स्थिर' राहिले, हाच शब्द निघेना. सगळं सभागृह थांबलं. शब्द माझ्या ओठांवर होता गं. जन्मभर तो अडला की मीच बोललो, एवढी सवय. तोंड मिटून ठेवायला मला जितकं जड गेलं तितकं काही गेलं नसेल. मी फक्त त्याच्या कोपराखाली हात धरला.

तो शब्द त्याने स्वतः म्हटला. दणक्यातच म्हटला.

पुढे एके ठिकाणी त्याची ओळ निसटली. मी दुरुस्त केलं, चांगलं मोठ्याने. तो मागे गेला, नीट म्हणाला, पुढे चालू लागला. राग नाही, काही नाही. घरी येताना मी म्हटलं, त्या दिवशी माझं चुकलं. तो म्हणाला, डोळ्यांचं आधी सांगितलं असतंस तर मी हळू बोललो असतो. एवढं बोलायला त्याला कोपऱ्यापर्यंतचा रस्ता लागला. मी मध्ये एक शब्द घातला नाही.

आता पट्टी सुटली की वाचायचं कुणी, यावर आमचं भांडण चालू आहे. तो म्हणतो मी वाचावं, मी म्हणतो त्याने. काळजी करू नकोस, बोलून भांडतो आहोत.

सुट्टी काढून ये, आणि येताना आवाज जरा कमी करून ये. आहे त्या लोभात भर घालावी.

तुझा,
काका