तारली आली आणि आम्ही रांगेत

तीर्थस्वरूप अण्णा,

तुला आणि वहिनींना नमस्कार. जोहान्सबर्गच्या थंडीत तुझे गुडघे कसे आहेत? (फोनवर विचारलं की तू "सगळं ठीक, पुढच्या वर्षी नक्की येतो" म्हणून मोकळा होतोस, म्हणून हे पत्र.) इकडे समुद्रकाठी ईझिपिंगोला आपले अप्पा खुशाल आहेत. बाकीच्यांची डोकी फिरली आहेत.

कारण एकच, गळाचा परवाना. हौशी मासेमारीचा परवाना आजवर कधीही काढला तरी डिसेंबरअखेर संपायचा, म्हणून सगळे जानेवारीत निमूटपणे काढून यायचे. यंदा सरकारला सुधारणा सुचली. आता ज्या दिवशी काढाल त्या दिवसापासून पुरतं एक वर्ष! ऐकायला किती सोयीचं, पण आपले लोक तुला माहीत आहेत. पोकळ पावात कालवण भरलेली बनी संपली तरी पावाच्या शेवटच्या तुकड्याने कागद पुसून खाणारी जात. अप्पांनी खडकावर बसून हिशोब मांडला की परवाना जूनमध्ये तारलीचा थवा किनाऱ्याला येईल त्याच दिवशी काढायचा. पुढच्या जूनमध्ये तारली दोन दिवस आधी आली, की एका परवान्यात दोन हंगाम! झालं. हे शहाणपण किनाराभर पसरलं आणि जानेवारीपासून एकाही माणसाने गळ टाकला नाही. सगळे नुसते चहा पीत समुद्राकडे बघत बसायचे. परवाने तपासणारा सेले बिचारा येरझाऱ्या घालून कंटाळला.

मी मात्र आतून धास्तावलो होतो. अप्पांचे हात आता फार थरथरतात, दोरा ओवायलाही कोगी (माझी बायको, तुझी लाडकी) लागते. तारलीमागून येणारा शॅड मासा एकदा तरी त्यांच्या गळाला लागावा, एवढंच माझ्या मनात होतं. पुढच्या जूनचं कोणी सांगावं?

मंगळवारी सकाळी पाखरं धडाधड पाण्यात सूर मारायला लागली. तारली! आणि अण्णा, सगळा किनारा समुद्राकडे पाठ करून परवान्याच्या खिडकीकडे धावला. गळ, बादल्या, चड्ड्या, सगळ्यांसकट. खिडकीवरच्या नोमुसाबाईंनी विचारलं, "आज सगळ्यांचा एकदम वाढदिवस आहे का?" पुढे यंत्र झोपलं. ते जागं झालं तर नंबर अप्पांचा. ते तारखेवरून अडून बसले.

"आजची नको, पुढची घाला."

"आजोबा, पुढची घातली तर आज गळ टाकता येणार नाही."

"चालेल."

मागून आरडाओरडा झाला. "अप्पा, मासे काय तुमच्यासाठी थांबणारेत?" माझी मान शरमेनं खाली गेली. बाई आणि अप्पा किती वेळ कुजबुजत होते, देव जाणे.

परत आलो तर समुद्र शांत, तारली निघून गेलेली. खडकावर एकटा सेले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायाशी चार शॅड. म्हणतो कसा, "तपासायला कोणीच नव्हतं, म्हटलं स्वतःचाच परवाना वापरून बघू." त्याने तो जानेवारीतच काढला होता! एक मासा त्याने अप्पांना दिला. अप्पांनी तो आधी वितीने मोजला, मापात आहे ना म्हणून, आणि मग घेतला. कोगीने चिंच घालून कालवण केलं. अप्पा दोन घास खाऊन उठले. मला फार वाईट वाटलं.

मुलांना आशीर्वाद.

तुझा,
पूबालन

ता. क. मुदतीच्या या मूर्ख सुधारणेविरुद्ध मी अर्ज लिहितोय. तुझी सही हवी, पत्र त्यासाठीच.

आणखी एक ता. क. सही राहू दे. कोगी म्हणते, खरं ते लिही. अप्पांनी खिडकीवर दोन परवाने काढले. दुसरा तुझा. (तुझा ओळख क्रमांक त्यांना तोंडपाठ आहे.) वाद त्याच्याच तारखेचा होता. "माझा मोठा मुलगा येईल त्या दिवसाची घाला," म्हणत होते. बाईंनी विचारलं, "कधी येणार?" शेवटी बाईंनी मंगळवारचीच तारीख घातली.

तुझं वर्ष सुरू झालंय, अण्णा.